कचारगडच्या यात्रेचा चेहरा कोणी रेखाटावा?

माघ पौर्णिमा जवळ आली की हावडा-मुंबई लोहमार्गावरील सालेकसा आणि दरेकसा ही एरवीची शांत स्थानके माणसांनी फुलून जातात. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, महाराष्ट्राची हद्द जेथे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना भिडते, तेथील वनाच्छादित डोंगरात कचारगडची प्रचंड गुहा आहे. पायथ्याच्या धनेगावातून तेथे जाणारी वाट त्या दिवसांत रिकामी अशी दिसतच नाही. विदर्भातून, बालाघाट-मंडल्याकडून, छत्तीसगडातून, तेलंगणातून गोंड समाजाचे स्त्री-पुरुष लाखोंच्या संख्येने येतात. पिवळे दुपट्टे, सप्तरंगी ध्वज, ढोलांचा नाद आणि ‘जय सेवा’चा गजर यांनी तो डोंगर काही दिवस एका समाजाची राजधानी होऊन जातो.

एवढी मोठी यात्रा आणि तिला साधे बोधचिन्ह नसावे, एकसारखे भित्तिपत्रक नसावे, फलकांची आणि कमानींची एक ठरीव मांडणी नसावी, असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. आजकाल प्रत्येक महोत्सवाला स्वतःचे चिन्ह असते, रंग असतात, अक्षरांचे वळण असते. कचारगडच्या यात्रेला असे नवे दृश्यरूप द्यावे काय, आणि द्यावयाचे तर ते कोणी द्यावे, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे. पाणी, निवारा आणि रस्ता यांच्या तुलनेत तो चैनीचा वाटेल. पण ज्या समाजाला इतरांनी दिलेल्या नावाने आणि इतरांनी काढलेल्या चित्रांनी ओळखले जाण्याची शतकांची सवय लावण्यात आली, त्याच्या बाबतीत स्वतःचा चेहरा स्वतः रेखाटण्याचा प्रश्न चैनीचा राहत नाही. ‘गोंड’ हे नावसुद्धा बाहेरच्यांनी रूढ केलेले आहे. हा समाज स्वतःला ‘कोईतूर’ म्हणवतो.

जुनी कथा, तरुण यात्रा

या वादात पहिला आक्षेप परंपराप्रेमींचा असणार. जे पूर्वापार चालत आले आहे त्याला नवे रूप कशाला, असे ते विचारतील. या आक्षेपाला कचारगडचा इतिहासच उत्तर देतो.

कथा फार जुनी आहे. गुहेत कोंडल्या गेलेल्या आदिपुरुषांची आणि त्यांना मुक्त करणाऱ्या लिंगोची ही गाथा परधान गायक पिढ्यान्‌पिढ्या गात आले. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तिची एक संहिता लिहून घेतली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ती प्रसिद्ध केली. तीत ज्या ‘काचीकोपा लोहागड’चा उल्लेख येतो, ते स्थान म्हणजेच कचारगड अशी समाजाची श्रद्धा आहे. आज यात्रेत सांगितली जाते ती कथा अशी: कली कंकाली मातेची तेहतीस मुले गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. हीरासुका या वादकाच्या वाद्याच्या नादाने मुलांच्या अंगी बळ आले, दारावरची शिळा हलली, पण त्या शिळेखाली तो वादक स्वतः चिरडला गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने कोयापुनेमची शिकवण दिली आणि त्यांच्यापासून कुळांचा विस्तार झाला.

कथा अशी प्राचीन असली तरी आजच्या स्वरूपातील संघटित यात्रा मात्र १९८० च्या दशकातील आहे. नागपूरचे भाषाभ्यासक डॉ. मोतीराम कंगाली (१९४९-२०१५), ‘गोंडवाना दर्शन’ या मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांच्या पिढीतील काही कार्यकर्ते यांनी विखुरलेल्या समाजाला या गुहेशी पुन्हा जोडले. म्हणजे मूठभर सुशिक्षितांनी जाणीवपूर्वक केलेली ती सांस्कृतिक पुनर्रचनाच होती, आणि लोकांनी ती आपली मानली म्हणून टिकली. जी यात्रा स्वतः अशा नवनिर्मितीतून उभी राहिली, तिला नव्या रूपाचे वावडे असण्याचे कारण नाही. नवे रूप कोणाच्या हातून येते, यावर सारे अवलंबून आहे.

तीन परदेशी दाखले, एक घरचा

सणांची भित्तिपत्रके हा ज्या देशात दरवर्षी चर्चेचा विषय होतो, तो देश म्हणजे स्पेन. तेथील पाम्प्लोना शहरात ६ ते १४ जुलै या काळात सान फर्मिनचा उत्सव होतो. हेमिंग्वेच्या १९२६ मधील कादंबरीने तो जगभर पोहोचविला आणि परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. तरीही उत्सवाचे भित्तिपत्रक कोणते असावे, हे पाहुणे ठरवीत नाहीत. नगरपालिका चित्रांची स्पर्धा घेते, परीक्षक काही चित्रे निवडतात आणि अखेरचा कौल नागरिक मतदानाने देतात. पांढरा वेश आणि गळ्यात लाल रुमाल हे त्या उत्सवाचे मूळ चिन्ह मात्र दरवर्षी बदलत नाही. भित्तिपत्रक वर्षापुरते, रुमाल कायमचा, अशी ती सोयीची विभागणी आहे.

दुसरा दाखला सेव्हिलचा. तेथील ‘पवित्र सप्ताहा’च्या २०२४ च्या भित्तिपत्रकासाठी सालुस्तियानो गार्सिया या चित्रकाराने पुनरुत्थित ख्रिस्त तरुण आणि सुकुमार रंगविला. त्यावर मोठे वादळ उठले आणि चित्र मागे घ्यावे म्हणून हजारोंनी सह्या केल्या. हे चित्र काढवून घेतले होते ते सेव्हिलच्या धार्मिक बंधुसंघांच्या परिषदेनेच. म्हणजे घरच्यांनी सांगितले, घरच्याने काढले आणि घरच्यांनीच भांडण केले. अशा भांडणाने उत्सव दुबळा होत नाही. ज्याला आपले चिन्ह आपले वाटते, तोच त्यासाठी भांडतो.

तिसरा दाखला याच्या उलट आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी लान्स वायमन या अमेरिकन आरेखनकाराने समांतर रेषांच्या लहरींतून एक अप्रतिम चिन्ह घडविले. कलाशाळांत ते आजही आदर्श म्हणून दाखविले जाते. त्या रेषांमागे एक प्रेरणा होती ती मेक्सिकोच्या डोंगरांत राहणाऱ्या हुइचोल आदिवासींच्या रंगीत धाग्यांच्या कलेची. आरेखनकाराचे नाव कलेच्या इतिहासात गेले. ज्यांच्या नक्षीने त्याला वाट दाखविली, त्या हुइचोलांतील एकाचेही नाव सामान्य वाचकाला माहीत नाही. कचारगडसाठी काढले जाणारे चिन्ह कितीही सुंदर असले, तरी ते याच वाटेने गेले तर समाजाच्या पदरात काय पडेल, याचा विचार आधी व्हावयास हवा.

घरचा दाखला तर हाकेच्या अंतरावर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोक पांढरी वस्त्रे नेसून धम्मदीक्षेसाठी आले. पुढे निळा ध्वज, अशोकचक्र आणि पंचरंगी धम्मध्वज ही चिन्हे खेडोपाडी पोहोचली. यांतील धम्मध्वज तर १८८५ मध्ये कोलंबोत एका समितीने तयार केलेला. तो काही अनादि काळापासून चालत आलेला नव्हता. तरीही विदर्भातील झोपडीवर तो परका वाटला नाही, कारण त्याची निवड त्या समाजाच्या स्वतःच्या निर्धारातून झाली होती. चिन्हाचे वय किती यापेक्षा ते कोणाच्या इच्छेने उभारले गेले, हे अधिक महत्त्वाचे असते. पंढरीच्या वारीची पताका, तुळस आणि टाळ यांनाही कोणा जाहिरात संस्थेची गरज पडली नाही. वाहणाऱ्यांनीच ती वाहिली आणि पाहणाऱ्यांनी ओळखली.

‘गोंड कला’ नावाची पळवाट

उद्या एखाद्या कार्यालयाने कचारगडच्या चिन्हाचे काम मुंबई-पुण्याच्या एखाद्या संस्थेकडे सोपविले, तर पहिल्याच आठवड्यात काय तयार होईल याचा अंदाज बांधणे कठीण नाही. शिंगांतून झाड उगवलेले हरीण, अंगभर ठिपके आणि बारीक रेषा, भोवती पानांची वेलबुट्टी. ‘गोंड’ म्हटले की हेच, असे शहरी डोळ्यांना आता पाठ झाले आहे.

या चित्रशैलीचा इतिहास मात्र कचारगडचा नाही. मध्य प्रदेशातील आजच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढ या गावच्या जनगढ सिंह श्याम या परधान तरुणाचे कसब १९८० च्या दशकाच्या प्रारंभी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने प्रकाशात आले आणि भोपाळच्या भारत भवनातून ते जगापुढे गेले. १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या एका गाजलेल्या प्रदर्शनात होती. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयासाठी काम करीत असताना या थोर कलावंताने आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या मागून आलेल्यांत भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. गाणे ऐकणारे आश्रयदाते कमी होत गेले, तेव्हा त्यांच्या प्रतिभेने रंग आणि कागद जवळ केला. ही कला थोर आहे, यात शंका नाही. पण ती विशिष्ट गावाच्या विशिष्ट कलावंतांची निर्मिती आहे. त्यांपैकी प्रत्येकाच्या ठिपक्या-रेषांचे वळण वेगळे असते आणि ते जवळजवळ त्याच्या सहीसारखे मानले जाते. ते वळण उचलून कचारगडच्या कमानीवर चिकटविणे म्हणजे एकाची सही दुसऱ्याच्या घरावर करणे होय. त्यात पाटणगढच्या चित्रकारावर अन्याय होतो आणि सालेकसा तालुक्यातील गोंडाला स्वतःचे असे काहीच नसावे, असाही समज पसरतो. पाटणगढच्या एखाद्या कलावंताला मानाने बोलावून, मानधन देऊन आणि त्याचे नाव लावून चित्र काढवून घेतले, तर ती गोष्ट अर्थात निराळी.

दुसरी पळवाट सारसाची. सारस पक्षी ही गोंदिया जिल्ह्याची आज मोठी ओळख आहे आणि भातखाचरांच्या व तलावांच्या या प्रदेशाला ती शोभतेही. पण जिल्ह्याची ओळख आणि यात्रेची ओळख या दोन गोष्टी आहेत. कचारगडच्या वाटेने येणारा तेलंगणाचा यात्रेकरू गोंदिया जिल्हा पाहावयास येत नाही. तो आपल्या पूर्वजांच्या दारात येतो.

कोणते चिन्ह, कोणते अक्षर

आरेखनाच्या दृष्टीने येथे एक खरी अडचण आहे आणि ती बाहेरच्या चित्रकाराच्या सहसा लक्षात येणार नाही. गोंडांची कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली असतात. कुळांचे नाते झाडांशी, प्राण्यांशी, पक्ष्यांशी जोडलेले असते. ज्याला कुळाने पूज्य मानले त्याला इजा करावयाची नाही, असा दंडक असतो. टेकामांच्या नावात साग आहे, मरकामांच्या नावात आंबा आहे. अशा समाजाच्या यात्रेसाठी एखादा प्राणी किंवा एखादे झाड चिन्ह म्हणून निवडणे म्हणजे अजाणता एका कुळाला पुढे बसविणे आणि बाकीच्यांना मागे सारणे होय. ज्या चित्रकाराला वाघ किंवा मोर म्हणजे केवळ सुंदर आकृती वाटते, त्याच्या कुंचल्यातून असा पंक्तिप्रपंच सहज घडू शकतो.

या कसोटीला उतरेल असे एक रूप कथेतच आहे: गुहेचे तोंड. ती तेहतीस मुले एकाच दारातून बाहेर आली. ते दार कोणा एका कुळाचे नाही. काळोखाची एक कमान, बाजूला सरलेली शिळा आणि शिळा हलविणारे वाद्य एवढ्या तीन गोष्टींत सारी कथा येते. शाळकरी मुलाला ती कोळशाने भिंतीवर काढता येईल, बाईला गोंदणात उतरविता येईल, बुरुडाला बांबूच्या कमानीत वळविता येईल. ज्या चिन्हाला संगणकाची गरज लागते ते कार्यालयाचे असते. जे हाताने काढता येते तेच लोकांमध्ये पसरते. अर्थात हे केवळ उदाहरण आहे. समाजाने दुसरे काही निवडले तर तेच योग्य ठरेल.

अक्षरांचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक आहेत. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तिच्यासाठी शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी तयार केली. आदिलाबाद भागातील गुंजाला गावी जुन्या हस्तलिखितांतून आणखी एक लिपी उजेडात आली. युनिकोडने मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाला लिपीला २०१८ मध्ये स्थान दिल्याने या दोन्ही आता संगणकावर उमटू शकतात. पण यात्रेकरूंपैकी बहुतेकांचे शिक्षण देवनागरीतून किंवा तेलुगूतून झाले आहे. तेव्हा यात्रेचे नाव गोंडी लिपीत आणि वाट, पाणी, दवाखाना दाखविणारे फलक देवनागरी व तेलुगूत, अशी विभागणी व्यवहार्य ठरेल. पाम्प्लोनातील रुमाल आणि भित्तिपत्रक यांच्यासारखेच हे आहे. नावाने मान मिळवावा, फलकाने वाट दाखवावी. दोन्ही कामे एकाच अक्षरावर लादू नयेत. गोंडीसाठी दोहोंपैकी कोणती लिपी घ्यावयाची, हे मात्र गोंडीचे शिक्षक आणि अभ्यासक यांनीच ठरवावे. त्यात कलादिग्दर्शकाच्या नजरेला काय सुबक दिसते, याला स्थान नाही.

रंगांबाबत वाद असण्याचे कारण दिसत नाही. सप्तरंगी ध्वज आणि पिवळा दुपट्टा लोकांनी केव्हाच निवडले आहेत. नव्या रंगसंगतीच्या नावाखाली त्यांना फिकट करणे ही सुधारणा ठरणार नाही.

निर्णय कोणाचा?

या साऱ्यावर व्यवहारी माणसाचा एक आक्षेप उरतो. आकर्षक चिन्ह आणि जाहिरात यांमुळे पर्यटक येतील, पर्यटकांमुळे रस्ता आणि रोजगार येईल. मग कोण काढतो याला एवढे महत्त्व कशाला? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सालेकसा तालुक्याला रोजगार हवाच आहे. पण पर्यटकाला आवडेल अशा बेताने यात्रेचे रूप बदलू लागले की हळूहळू यात्रेचा क्रमही त्याच बेताने बदलतो. पूजेच्या आधी स्वागतनृत्य येते, गुहेच्या आधी व्यासपीठ येते आणि यात्रेकरू स्वतःच्याच यात्रेत देखावा होऊन उभा राहतो. रस्ता, पाणी आणि आरोग्यसेवा हा यात्रेकरूंचा नागरिक म्हणून हक्क आहे. त्यासाठी त्यांनी आपला चेहरा गहाण टाकावा, असा सौदा कोणी पुढे करू नये.

पेसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने हा कायदा येथे लागू नाही. परंतु कायद्याचा अंमल हद्दीपाशी थांबला तरी त्यातील तत्त्वाने तेथे थांबावे असे नाही. शासनाने किंवा जिल्हा प्रशासनाने यात्रेच्या रूपासाठी खर्च करावा, तज्ज्ञ पुरवावेत, छपाईची सोय करावी. निवडीचा अधिकार मात्र यात्रा भरविणाऱ्या समितीकडे आणि समाजाच्या जाणत्यांकडे असावा. स्पर्धा घ्यावयाची तर आश्रमशाळांतील मुलांना आणि समाजातील कलाविद्यार्थ्यांना तीत पहिले स्थान असावे. निवडलेली चित्रे एका यात्रेत मांडावीत, लोकांचा कौल घ्यावा आणि पुढच्या यात्रेत ती वापरावीत. एका वर्षाची घाई करण्याजोगे येथे काही नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात एखाद्या संघटनेच्या नावे सामूहिक चिन्ह नोंदविण्याची तरतूद आहे. यात्रेचे चिन्ह ठरल्यावर समाजाच्या संस्थेने ते अशा रीतीने नोंदविण्याचा विचार करावा. नाहीतर आज कमानीवर असलेले चिन्ह उद्या कोणाच्याही साडीवर आणि कोणाच्याही हॉटेलच्या पाटीवर दिसेल, आणि ज्यांचे ते आहे त्यांना विचारणाही होणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत अवघड. आज महाराष्ट्रातील कोणत्याही यात्रेचे दृश्यरूप कोणी बिघडविले असेल तर ते शुभेच्छुकांच्या फ्लेक्सनी. देवापेक्षा पुढाऱ्याचा चेहरा मोठा आणि यात्रेच्या नावापेक्षा सौजन्याचे नाव ठळक, असे हे फलक गावोगावच्या यात्रांत सारखेच दिसतात. सण संपल्यावर त्यांचे प्लास्टिक रानात उरते. कचारगडच्या नव्या रूपाचा आरंभ नवे चिन्ह काढण्याऐवजी हे फलक काढण्यापासून करता येईल. धनेगावपासून गुहेपर्यंतच्या वाटेवर कापडी ध्वज आणि बांबूच्या कमानी यांखेरीज काहीही लावावयाचे नाही, एवढा एक नियम समितीने केला आणि सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी तो पाळला, तर यात्रेचा खरा चेहरा कुंचल्याचा फटकारा न मारताही बराचसा दिसू लागेल. त्यानंतर जे चिन्ह येईल ते मोकळ्या जागेवर उमटेल आणि समाजाला ते दुरूनही ओळखता येईल.